चकाकी गाळणारी काच

तळ्याकाठी उभं राहून पाण्याचा फोटो काढला की त्यात बहुतेक वेळा आकाशाचं पांढुरकं प्रतिबिंबच येतं. तळाचे गोटे, त्यांवरचं शेवाळ जेमतेम दिसतं. लेन्सवर पोलरायझर, म्हणजे चकाकी गाळणारा फिरता फिल्टर, चढवा आणि व्ह्यूफाइंडरमध्ये बघत त्याची कडी सावकाश फिरवा. एका जागी चकाकी विरते आणि गोटे एकेक करून उघडे पडतात. आणखी पाव फेरा दिला की पाणी पुन्हा झाकलं जातं.

सूर्याचा प्रकाश सगळ्या दिशांनी कंप पावत येतो. पाण्यावरून तिरपा परावर्तित होताना मात्र पृष्ठभागाला समांतर, म्हणजे आडवी कंपनंच त्यात प्रामुख्याने उरतात. यालाच ध्रुवीकरण म्हणतात. पोलरायझर एकाच दिशेची कंपनं आत सोडतो. तो उभा धरला की आडवी चकाकी बाहेरच अडते. 1808 मध्ये पॅरिसमध्ये एतिएन-लुई मालुस हा फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ कॅल्साइट या खनिजाच्या स्फटिकातून समोरच्या लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवर पडलेलं मावळतीचं ऊन बघत होता. या स्फटिकातून एका वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. स्फटिक फिरवताना त्या आळीपाळीने मंद होत गेल्या आणि परावर्तनानेही प्रकाश ध्रुवित होतो हे त्याच्या ध्यानात आलं.

कोणत्या कोनातून परावर्तित प्रकाश सर्वाधिक ध्रुवित होतो, याचं गणित पुढे डेव्हिड ब्रूस्टर या स्कॉटिश भौतिकशास्त्रज्ञाने 1815 मध्ये मांडलं. पाण्यासाठी हा कोन उभ्या रेषेपासून सुमारे 53 अंश, काचेसाठी 56च्या आसपास. म्हणून अगदी सरळ खाली वाकून पाहिलं तर फिल्टर कितीही फिरवा, काही होत नाही. दोन पावलं मागे सरून तिरपं बघावं लागतं. चकचकीत धातूवर तर त्याची मात्राच चालत नाही, कारण तिथलं परावर्तन फारसं ध्रुवित नसतं.

निळं आकाश गडद करणं हा या फिल्टरचा सर्वांत प्रसिद्ध उपयोग, आणि माझ्या मते सर्वांत जास्त बिघडवला जाणारा. हवेतल्या रेणूंवरून विखुरलेला प्रकाश सूर्यापासून 90 अंशांवर सर्वाधिक ध्रुवित असतो. तर्जनी सूर्याकडे रोखा, अंगठा काटकोनात ताणा आणि मनगट फिरवा: अंगठा जिथे जिथे जाईल तिथे परिणाम जोरकस. सूर्य समोर किंवा पाठीशी असेल तर जवळपास शून्य. वाइड अँगल, म्हणजे रुंद दृश्य टिपणाऱ्या लेन्समध्ये मात्र हा पट्टा फोटोतच येतो. आकाशाचा एक भाग जांभळट काळा, शेजारचा फिकट, असे फोटो आपण सगळ्यांनीच पाहिलेत. अशा वेळी कडी थोडी मागे घ्यावी, किंवा फिल्टर काढूनच ठेवावा.

पानांवरचा परिणाम मला आकाशापेक्षा जास्त मोलाचा वाटतो. पावसाने भिजलेल्या पानावर पांढरी झिलई असते, ती गेली की खालचा खरा हिरवा रंग वर येतो. हे नंतर संगणकावर करता येत नाही. रंग गडद करता येईल, पण चकाकीने जो तपशील पुसला गेला तो कॅमेऱ्यात उतरलेलाच नसतो.

मोबदल्यात एक ते दोन स्टॉप प्रकाश जातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा), म्हणजे संध्याकाळी हात थरथरण्याची भीती. विकत घेताना ‘सर्क्युलर’ असं लिहिलेलं दिसेल. त्याचा आकाराशी संबंध नाही. पोलरायझरच्या मागे एक जास्तीचा थर असतो आणि तो बाहेर पडणारा प्रकाश वर्तुळाकार ध्रुवित करतो, कारण एसएलआर, म्हणजे आरशाच्या मदतीने लेन्समधलंच दृश्य दाखवणाऱ्या कॅमेऱ्यातल्या अर्धपारदर्शक आरशामुळे एरवी फोकस आणि एक्स्पोजरचं मोजमाप चुकू शकतं.

आणि इंद्रधनुष्य दिसलं तर आधी कडीकडे लक्ष द्या. त्याचा प्रकाश कमानीच्या वळणानुसार ध्रुवित असतो. कडी एका जागी असेल तर कमानीचा माथा फोटोतून नाहीसा होतो. पाव फेरा दिला, की तोच झगझगीत उठतो.