मँडोलिन, गोलपाठी : गोव्यातील वादन

लाकडाच्या अरुंद पट्ट्या उष्णतेने वाकवून, एकमेकींना चिकटवून केलेली भोपळ्यासारखी पाठ असलेले, नखीने छेडायचे तंतुवाद्य. तारांच्या चार जोड्या. त्यांची जुळणी व्हायोलिनचीच (जी–डी–ए–ई). त्यामुळे व्हायोलिन शिकलेल्याचा डावा हात यावर लवकर बसतो.

हे वाद्य पोर्तुगीजांनी गोव्यात आणले, असे सर्रास म्हटले जाते व त्याला ‘बांदोलीं’ या पोर्तुगीज नावाचा आधार दिला जातो. पण नावावरून घाट ठरत नाही. पोर्तुगालात रूढ झालेल्या बांदोलींची पाठ सपाट असते. भोपळ्याचा घाट नेपल्सचा. १८व्या शतकाच्या मध्यास तेथील विनाच्चा या घराण्याच्या कारागिरांनी तो रूढ केला. पुढे १८३५च्या सुमारास पास्क्वाले विनाच्चा याने पोलादी तारा व यांत्रिक खुंट्या बसवून वाद्याला आजचे रूप दिले, असे सामान्यतः मानतात. तेव्हा गोव्यातील पोलादी तारांचे गोलपाठी वाद्य १९व्या शतकाच्या उत्तरार्धापूर्वीचे असणे अवघड दिसते. ते लिस्बनहून आले की मुंबईत पोटापाण्याला गेलेल्या गोवेकर वादकांबरोबर, यांपैकी दुसरी शक्यता अधिक पटते. (फादो या पोर्तुगीज गीतप्रकाराच्या साथीचे बारा तारांचे पोर्तुगीज गितार निराळे, दोहोंची गल्लत नेहमी होते.)

मांडो हा गोव्याचा गीतप्रकार या वाद्याला सर्वांत मानवतो. लय संथ, सहसा ६/४ ची. दोन आवाज तिसऱ्या वा सहाव्या स्वराच्या अंतराने बरोबर चालतात. नखीचा आघात क्षणात विरतो, म्हणून लांब स्वर ट्रेमोलोने (नखी तारेवर वर-खाली भरभर फिरवून) धरायचा : मनगट सैल, नखी दोन्ही तारांना सारखी लागलेली. दुलपद या जलद गीतप्रकारात (६/८) ट्रेमोलो सुटतो, आघात एकेक व खडे येतात. घुमट (मातीचे तालवाद्य) जोरात वाजू लागला की मात्र मँडोलिन ऐकू येणे कठीण.

नाट्यगीत किंवा भजन वाजवताना खरी अडचण मींडेची, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड जाण्याची. तार पडद्यावर आडवी ओढली की जोडीतल्या दोन तारा सारख्या ताणल्या जात नाहीत व स्वर फाटतो. कणस्वर (मुख्य स्वराला ओझरता लावलेला दुसरा स्वर) आणि बोट सरकवून घेतलेली घसीट यांवर भागवावे लागते. सज्जाद हुसेन (१९१७–१९९५) यांनी मँडोलिनवर राग वाजवले, ही असामान्य कामगिरी होय. उप्पलापू श्रीनिवास (१९६९–२०१४) यांनी कर्नाटक संगीतासाठी पाच एकेरी तारांचे विद्युत मँडोलिन वापरले, हे बोलके आहे : एकेरी तारेत जोडीची ही अडचण उरत नाही.

ब्लूग्रास या अमेरिकी लोकसंगीत प्रकारातील तुटक ठोका कोरीव पाठीच्या वाद्याचा. त्यासाठीच्या जाड तारा गोलपाठीवर चढवू नयेत. ताणाने तबली (वाद्याची पुढची फळी) खचते, दांडी पुढे झुकते.

पाठ मांडीवरून घसरते, म्हणून खाली खरखरीत कापड घेतात. पावसाळ्यात सरस ओलावून पट्ट्यांचे सांधे सुटतात, तारांवर गंज चढतो. घोडी (तारांखालचा आधार) चिकटवलेली नसते. सगळ्या तारा एकदम उतरवल्या तर ती जागा सोडते, त्यामुळे एका वेळी एकच जोडी बदलतात.