ग्राफिक्स कार्डाचे व्होल्टेज: पेन्सिलीपासून वक्ररेषेपर्यंत

ग्राफिक्स कार्ड ओव्हरक्लॉक करू पाहणाऱ्याला, म्हणजे ते ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवू पाहणाऱ्याला, आज व्होल्टेज वाढवण्यापेक्षा ते उतरवण्याचाच सल्ला अधिक मिळतो. पंचवीस वर्षांपूर्वी या छंदात पडलेल्या माणसाला हे उफराटे वाटले असते.

तेव्हा कार्ड कंपनीने ठरवून दिलेल्या वेगाने चाले. एनव्हिडिया या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या 1999 च्या जीफोर्स 256 या कार्डाचा वेग 120 मेगाहर्ट्झ होता. तो ठरवताना कमी दर्जाच्या चिपाही धरलेल्या असल्याने चांगल्या चिपांत बराच वाव उरे आणि अलेक्सी निकोलाइचुक यांच्या रिव्हाट्यूनरसारख्या साधनांनी तो वापरता येई. व्होल्टेजला मात्र सहसा सॉफ्टवेअरने हात लावता येत नसे. त्यासाठी व्होल्टेज नियंत्रकाच्या फीडबॅक पिनशी (जिच्यावरून तो आपले व्होल्टेज मोजतो) वेगळा रेझिस्टर सोल्डर करावा लागे. काही जण बोर्डावरच्याच रेझिस्टरवर पेन्सिलीचे ग्राफाइट घासून त्याचा रोध कमी करत. हात जरा चळला की वॉरंटीसकट कार्ड गेले!

खरी अडचण उष्णतेची होती. चिपला लागणारी वीज वेगाच्या सम प्रमाणात, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे व्होल्टेज 10 टक्के चढवले तर वेग तोच ठेवूनही सुमारे 21 टक्के जास्त वीज जाते, आणि तापलेल्या सिलिकॉनमधून विद्युतप्रवाहाची गळती वाढत असल्याने ही उष्णता स्वतःलाच खतपाणी घालते. कंपन्यांचीही यातून सुटका झाली नाही. 2003 च्या जीफोर्स एफएक्स 5800 अल्ट्राचा पंखा इतका गोंगाट करी की एनव्हिडियानेच त्याची थट्टा करणारी चित्रफीत काढली, तर 2010 चे 250 वॉटचे जीटीएक्स 480 भाराखाली 90 अंश सेल्सिअसच्या पुढे जाई.

त्याच वर्षाअखेर एएमडी या प्रतिस्पर्धी कंपनीने रेडिऑन एचडी 6900 मालिकेत पॉवरट्यून हे तंत्र आणून कार्ड खाईल त्या विजेला मर्यादा घातली. 2012 मध्ये जीटीएक्स 680 बरोबर एनव्हिडियाचे, वेग आपोआप वाढवणारे जीपीयू बूस्ट आले: मूळ वेग 1006 मेगाहर्ट्झ, बूस्ट 1058, आणि परिस्थिती अनुकूल असेल तर कार्ड आपण होऊन त्याहीपुढे जाई. पुढच्या वर्षी टायटन या कार्डात तापमान हाच बूस्टचा मुख्य निकष झाला. माझ्या मते हेच खरे वळण होय, कारण तेथपासून चांगला हीटसिंक (चिपची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) बसवणे हेही ओव्हरक्लॉकिंग ठरले.

2016 च्या जीटीएक्स 1080 ने प्रत्येक व्होल्टेजसाठी वेगळा वेग ठरवण्याची मुभा दिली. आफ्टरबर्नर या ओव्हरक्लॉकिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये हे व्होल्टेज-वेगाचे बिंदू जोडणारी वक्ररेषा दिसते; ती वेग वाढवण्यासाठी होती. लोकांनी मात्र कमी व्होल्टेजवरचा एखादा बिंदू उचलून पुढची रेषा सपाट करण्यास, म्हणजे कार्डाला त्या व्होल्टेजच्या वर जाऊ न देण्यास, सुरुवात केली. 2020 च्या आरटीएक्स 3080 ची वीजमर्यादा 320 वॉट, 2022 च्या 4090 ची 450 वॉट. अशा कार्डांवर थोडासा वेग सोडून बरीच वीज, उष्णता आणि पंख्याचा आवाज वाचवता येतो. मात्र एकाच मॉडेलच्या दोन चिपाही सारख्याच कमी व्होल्टेजवर तग धरतील असे नाही, त्यामुळे दुसऱ्याचे आकडे जसेच्या तसे उचलता येत नाहीत.