दुबईला जाताना वेळ कमी लागतो का?

कोकणातील ज्या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसे आखातात नोकरीला जात आली आहेत, तेथे एक समज हमखास ऐकू येतो: पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरत असल्यामुळे विमान आकाशात असताना दुबई आपणहून जवळ येते आणि म्हणून जाताना वेळ कमी लागतो. तिकीटही या समजाला दुजोरा देते. हिवाळ्यात मुंबईहून सकाळी 10 वाजता सुटलेले विमान पावणेबाराच्या सुमारास दुबईला उतरते, तर तेथून 10 वाजता सुटलेले मुंबईला यायला सव्वादोन वाजतात. परंतु या वेळा ज्या त्या ठिकाणच्या असतात आणि दुबईचे घड्याळ आपल्या दीड तास मागे असते. तेवढा हिशेब केला की जाण्यास सव्वातीन तास आणि येण्यास पावणेतीन, असे नेमके उलटे उत्तर येते. अंतर दोन्ही वेळा तेच, सुमारे 1,925 किलोमीटर.

कोकणच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे 1,600 किलोमीटर वेगाने फिरते. विमान त्यापासून खरोखरच सुटे होत असते, तर त्याचा स्वतःचा वेगही धरून दुबई पाऊण तासात यायला हवी होती. तसे होत नाही, कारण हवाही जमिनीबरोबर फिरते आणि विमान त्या हवेतून उडते. दाभोळच्या खाडीत भरतीच्या पाण्याविरुद्ध समुद्राकडे निघालेल्या होडीचे इंजिन तेवढ्याच जोराने चालते, काठावरचे माड मात्र सावकाश मागे पडतात.

विमानाच्या वाटेवरील ही भरती म्हणजे सुमारे 10 ते 12 किलोमीटर उंचीवरून पूर्वेकडे वाहणारा जेट प्रवाह, म्हणजे वेगवान वाऱ्याचा पट्टा, आणि गंमत अशी की त्याच्या मुळाशी पृथ्वीचे फिरणेच आहे. विषुववृत्तावर तापून वर चढलेली हवा ध्रुवाकडे निघते, तेव्हा जमिनीकडून मिळालेला ताशी 1,670 किलोमीटरचा पूर्वेकडील वेग तिच्या अंगी असतो. उत्तरेकडे सरकताना पृथ्वीच्या अक्षापासूनचे तिचे अंतर घटते आणि कोनीय संवेग (वस्तुमान, वेग आणि अक्षापासूनचे अंतर यांचा गुणाकार) कायम राहायचा असल्याने वेग वाढतो. 30 अंश अक्षांशावर तो सुमारे 1,930 व्हायला हवा, पण तेथील जमिनीचा वेग 1,445 च असतो. म्हणजे हवा जमिनीच्या पुढे ताशी जवळजवळ 480 किलोमीटरने धावू लागेल. प्रत्यक्षात वातावरणातील मोठे भोवरे हा संवेग वाटून घेतात, त्यामुळे भारतावरील हिवाळी प्रवाहाचा सरासरी वेग याच्या निम्म्याहूनही कमी भरतो.

फेब्रुवारी 2024 मध्ये वॉशिंग्टनहून लंडनला निघालेल्या एका प्रवासी विमानाने अशाच जेट प्रवाहाच्या जोरावर जमिनीच्या सापेक्ष ताशी सुमारे 1,290 किलोमीटरचा वेग गाठला, तेव्हा त्याने ध्वनीचा वेग ओलांडल्याचा गाजावाजा झाला. सभोवतालच्या हवेच्या सापेक्ष ते नेहमीच्याच वेगाने उडत होते.

मुंबई–दुबई मार्गाला या प्रवाहाची दक्षिणेकडील बाजू लागते, तीही प्रामुख्याने हिवाळ्यात. मोसमी पाऊस कोकणात स्थिरावतो त्या सुमारास हा प्रवाह हिमालयाच्या उत्तरेला सरकलेला असतो आणि द्वीपकल्पावर उंचावर पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा प्रवाह प्रस्थापित होतो, ज्याचे वर्णन भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम् यांनी 1958 मध्ये प्रसिद्ध केले. त्यामुळे ऐन पावसाळ्यात जाण्यायेण्याच्या वेळेतील तफावत बरीच कमी होते.