सवय म्हशीला लागत नाही

कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर पेला हातात घेऊन उभं राहिलं की एक वाक्य हमखास कानावर येतं: "म्हशीला इंजेक्शनची सवय लागली, आता औषध लागूच पडत नाही." वर्षानुवर्षं चाललेला हा समज चुकीचा आहे. बदलते ती म्हैस नव्हे, तिच्या कासेतले आणि आतड्यातले जीवाणू.

घडतं असं. दगडी, म्हणजे कासदाह झाला की अँटिबायोटिक टोचतात. बहुतेक जीवाणू मरतात. एखाद्याच्या जनुकात आधीच योगायोगाने बदल झालेला असतो, तो तगतो. ई. कोलाय हा आतड्यातला जीवाणू पोषक परिस्थितीत वीसेक मिनिटांत दुप्पट होतो, म्हणजे त्या एकाचं गाव वसायला कितीसा वेळ? शिवाय प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या कड्यावरून औषधाला न जुमानण्याचा हा गुण दुसऱ्या जातीच्या जीवाणूलाही मिळतो. म्हणून जिला कधीच सुई लागली नाही, तिच्यातही असे चिवट जीवाणू सापडू शकतात. शेण, सांडपाणी, धार काढणारे हात, वाटा पुष्कळ.

"दूध उकळलं की सगळं जातं" हेही अर्धंच खरं. जीवाणू मरतात, पण पेनिसिलिनसारख्या औषधाचा अंश बराचसा टिकतो. म्हणून औषध दिल्यावर पशुवैद्य सांगतील तितके दिवस त्या म्हशीचं दूध डेअरीला घालायचं नसतं. (धारोष्ण दुधाला तर उकळीचाही आधार नाही, कोल्हापूरकरांनी माफ करावं.)

कोलिस्टिन हे माणसांसाठी अगदी शेवटी राखून ठेवलेलं औषध. जीवाणू त्यालाही चिवट होऊ नयेत म्हणून अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत ते वापरायला केंद्र सरकारने २०१९ मध्ये बंदी घातली.