रोझेशियातली 'उष्णता' कुठली?

गाल आणि नाक लाल होऊन चुरचुरू लागले की घरचं निदान तयार असतं: "अंगात उष्णता झालीय." मग आंबा-पपई बंद, सब्जा-गुलकंद सुरू. दुखणं रोझेशियाचं, म्हणजे चेहऱ्याच्या त्वचेला वारंवार लाली आणि दाह आणणाऱ्या जुनाट विकाराचं असेल तर उष्णतेचा संबंध खरा आहे, पण ही उष्णता थर्मामीटरवर मोजता येते.

१९८१ साली जोनाथन विल्किन या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञाने रोझेशियाच्या रुग्णांना ६० अंश सेल्सिअसची कॉफी दिली. चेहरे लाल झाले. ६० अंशांचं साधं पाणी दिलं, तरी लाल झाले. २२ अंशांच्या कॉफीने काही झालं नाही, नुसत्या कॅफीननेही नाही. तेव्हा अमृततुल्यचा चहा सोडू नका, कोमट होऊ द्या.

असं का होतं? त्वचेतल्या चेतातंतूंच्या टोकांवर टीआरपीव्ही-१ नावाचं प्रथिन असतं, म्हणजे पेशीच्या भिंतीतलं एक दारच. साधारण ४३ अंशांना ते उघडतं, कॅल्शियमचे आयन आत शिरतात आणि 'भाजतंय' असा निरोप मेंदूकडे निघतो. मिरचीतलं कॅप्सेसिन हेच दार उघडतं, म्हणून तिखटाने आग होते. डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने १९९७ मध्ये ते शोधलं. त्यांना २०२१ चं नोबेल मिळालं त्यात या शोधाचा मोठा वाटा होता. पण तंतू निरोप धाडून थांबत नाही. त्याच टोकातून सीजीआरपी आणि सब्स्टन्स-पी ही रसायनं बाहेर पडतात आणि शेजारच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावतात. तीच ही लाली. दाह असलेल्या भागात हे दार कमी तापमानालाही उघडतं. मद्यार्काने तर ही मर्यादा ३४ अंशांच्या आसपास उतरते. वाफाळती मिसळ आणि वरून तिखटजाळ सॅम्पल, म्हणजे एका दाराला दोन किल्ल्या. मिसळ खायचीच तर रस्सा निवू द्या, तिखट कमी घ्या.

पुण्यात दुचाकीवर तोंडाला घट्ट बांधलेला स्कार्फ ऊन अडवतो, पण आत श्वासाची वाफ कोंडते आणि कापड गालांवर घासत राहतं. त्यापेक्षा पुढे काच असलेलं हेल्मेट आणि झिंक ऑक्साइडचं, एसपीएफ ३० किंवा जास्त असलेलं सनस्क्रीन बरं. चेहरा तापला तर गार पाण्यात पिळलेला रुमाल दहा मिनिटं ठेवा, बर्फ थेट लावू नका. 'उष्णता ओढून घेणारे' म्हणून खपवले जाणारे कापूर-मेन्थॉलचे लेप काहीही ओढत नाहीत. गार वाटतं आणि त्वचा आणखी चिडते. लिंबू आणि टूथपेस्टही नकोच. सावळ्या चेहऱ्यावर लाली पटकन दिसत नाही, तिथे आग होणं हीच खूण धरावी.

पुळ्या आल्या आणि ब्लॅकहेड्स नसतील, तर मुरुमांपेक्षा रोझेशियाची शक्यता जास्त. निदान पक्कं झाल्यावर सौम्य त्रासाला १५ टक्के ॲझेलेइक ॲसिड जेल चांगलं. रोझेशियात केएलके-५ हे विकर त्वचेतलं कॅथेलिसिडिन हे प्रथिन तोडून त्याचा एलएल-३७ नावाचा तुकडा बनवतं आणि दाह भडकतो. हे जेल त्या विकराला आवरतं. चेहरा कोमट पाण्याने धुऊन पूर्ण कोरडा होऊ द्या, आधी साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर, मग जेल. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड रात्री लावा. ओल्या चेहऱ्यावर थापलं तर फार झोंबतं आणि अनेक जण तिथेच सोडून देतात. निकाल १२ आठवड्यांनी ठरवा.

तरीही पुळ्या राहिल्या तर डॉक्टर १ टक्का आयव्हरमेक्टिन क्रीम देतात, रोज एकदा. त्यापुढे डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाच्या ४० मिलिग्रॅमच्या संथ सुटणाऱ्या गोळ्या. एवढ्या कमी मात्रेत ते जंतू मारत नाही, दाह शमवतं. गरोदरपणात मात्र ते टाळतात. बारीक लाल रेषा कुठल्याच क्रीमने जात नाहीत, त्यांना लेझर लागतं. सावळ्या त्वचेवर त्याने काळे डाग पडू शकतात, म्हणून आधी छोट्या जागी चाचणी करायला सांगा.

मेडिकलमधून परस्पर आणलेलं, स्टेरॉइड असलेलं गोरेपणाचं क्रीम मात्र लावूच नका. रक्तवाहिन्या आकसतात, चार दिवस चेहरा छान दिसतो, आणि थांबवताच आधीपेक्षा जास्त भडकतो. महिनोन्महिने लावत असाल तर स्वतः एकदम बंद करू नका, ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. हे दुखणं डोळ्यांतही होतं: डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपत असेल किंवा वारंवार रांजणवाडी येत असेल, तर नेत्रतज्ज्ञाकडेही, आणि तिथे रोझेशियाचं नाव घ्या.