टनामागची मजुरी आणि माणशी मिळकत

खाण तोट्यात गेली की पहिलं बोट मजुरीकडे जातं. ‘कामगारांवरचा खर्च फार वाढलाय’ हे ऐकलं की बाहेरच्या माणसाला वाटतं, कामगारांना भरपूर मिळत असणार. मजुरीचा खर्च आणि कामगाराची मिळकत यांची अशी गल्लत झाली की भुर्दंड कामगारालाच बसतो, म्हणून ती सोडवून सांगावीशी वाटते.

मिळकत माणशी मोजतात: मूळ वेतन, ओव्हरटाइम, बोनस, भत्ते, पुढचं निवृत्तीवेतन. खर्च मात्र खाण टनामागे मोजते. त्यात पगार असतोच, शिवाय भरती, प्रशिक्षण, विमा, आडरानातल्या खाणीवर माणसांची ने-आण आणि राहण्याची सोय हेही बहुधा धरलेलं असतं. ठेकेदाराच्या माणसांचे पैसे अनेकदा वेगळ्याच खात्यात पडतात. मग कागदावर मजुरी कमी दिसते, खाली उतरणारी माणसं तेवढीच असतात.

साधं गणित करू. १०० माणसं एका पाळीत १,००० टन काढतात, म्हणजे माणशी १० टन. मोठी यंत्रं आली, माणशी ३० टन निघू लागले आणि पगार दुप्पट झाला, तरी टनामागची मजुरी एक तृतीयांशाने उतरली. आता उलट बघा. थर पातळ झाला, माणशी ५ टनच निघतात. पगार तोच, पण टनामागची मजुरी दुप्पट! कामगाराच्या खिशात एक पैसा जास्त आलेला नाही, उलट घाम जास्तच गाळावा लागतोय. म्हणूनच भरपूर पगार देणारी उघडी खाण तुटपुंज्या पगाराच्या भूमिगत खाणीपेक्षा टनामागे स्वस्त पडू शकते.

वेळेचं काय? दक्षिण आफ्रिकेतली म्पोनेंग ही सोन्याची खाण सुमारे ४ किलोमीटर खोल आहे. अशा खाणीत लिफ्टने उतरून प्रत्यक्ष खोदकामाच्या जागी पोचायलाच तासभर जातो. तो तास कामाचा की कामगाराचा? अमेरिकेत अलाबामातल्या लोहखनिजाच्या खाणींमधला हाच वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९४४ साली निकाल लागला: जमिनीखालचा प्रवास हे कामच आहे. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. तो तास कामगार आधीही देतच होता. खाणीच्या हिशेबात तो निकालानंतर आला.

काही किंमत तर कित्येक वर्षं कुठल्याच हिशेबात येत नाही. दगडाची बारीक धूळ फुप्फुसात साचून होणारा सिलिकोसिस बऱ्याचदा काम सुटल्यावर डोकं वर काढतो. त्यासाठी मिळते ती भरपाई. तिला मिळकतीत धरणं मला अन्यायाचं वाटतं, कारण ती गेलेल्या श्वासाबद्दल असते. दक्षिण आफ्रिकेत सोन्याच्या खाणींत काम केलेल्यांच्या सिलिकोसिस आणि क्षयाच्या दाव्यांवर सहा कंपन्यांशी झालेली तडजोड न्यायालयाने २०१९ साली मंजूर केली. रक्कम सुमारे ५०० कोटी रँड, आणि त्यात १९६५ पासूनचे कामगार धरलेले. त्यातले कितीतरी तोवर गेले होते. त्यांच्या वतीने अर्ज करायचा तो वारसांनी.