फेरोरेझोनन्स : भूमिगत केबलवरील रोहित्रांतील अतिदाब

तीनपैकी एक किंवा दोन फेज तुटले असता, भूमिगत केबलला जोडलेल्या आणि फारसा भार नसलेल्या वितरण रोहित्रात (ट्रान्सफॉर्मरमध्ये) उद्भवणारा अतिदाब, म्हणजे वाजवीपेक्षा जास्त व्होल्टेज. केबलची धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता, कपॅसिटन्स) आणि रोहित्राच्या लोखंडी गाभ्यावरील वेटोळ्यांचे इंडक्टन्स (प्रवाहातील बदलाला विरोध करण्याचा गुण) यांचे हे अनुस्पंदन (रेझोनन्स) असते. ‘फेरो’ म्हणजे लोह, हे त्यातले मुख्य पात्र. ‘फेरोरेझोनन्स’ हे नाव पॉल बुशेरो या फ्रेंच अभियंत्याने 1920 मध्ये वापरले. ट्रान्सफॉर्मरमधील अनुस्पंदनावर जोझेफ बेतनो यांनी 1907 मध्येच लिहिले होते.

फेज गेला की दाब उतरतो, हा आपल्याकडचा रोजचा अनुभव. भारतातील वितरण रोहित्राची उच्चदाब बाजू सहसा डेल्टा (तीन वेटोळी त्रिकोणात) आणि लघुदाब बाजू स्टार (तिन्हींचे एक टोक एकत्र) जोडणीची असते. खांबावरचा एक डीओ (ड्रॉप-आउट फ्यूज, उडाला की खाली लटकणारा) उडाला की डेल्टाच्या एका वेटोळ्याला पूर्ण दाब मिळतो आणि उरलेली दोन एकसरीत (सिरीजमध्ये) येऊन अर्धा-अर्धा वाटून घेतात. म्हणून गावात एका फेजवर दिवे नीट लागतात आणि दोन फेज ‘डिम’ होतात. (टीव्ही-फ्रिज जाळणारा ‘न्यूट्रल तुटण्याचा’ प्रकार लघुदाब बाजूचा, अगदी वेगळा, त्याची इथे गल्लत करू नये.) फेरोरेझोनन्समध्ये याच्या उलट घडते : तुटलेल्या फेजवरच दाब नेहमीच्या दुप्पट ते चौपट चढतो.

याचे कारण केबलमध्ये आहे. केबलमधील वाहक आणि जमिनीला जोडलेले धातूचे आवरण यांच्यामध्ये पातळ इन्सुलेशन असते, म्हणजे केबल हा एक लांबलचक कपॅसिटरच. 11 केव्ही केबलची धारिता किलोमीटरमागे साधारण 0.2 ते 0.5 मायक्रोफॅरड भरते. उघड्या तारांची त्याच्या कित्येक पट कमी. डीओ खांबावर, रोहित्र काही अंतरावर जमिनीवर आणि मध्ये केबल, अशा रचनेत एक डीओ उघडला तरी त्या फेजची केबल रोहित्राला जोडलेलीच राहते. मग चालू असलेल्या दोन फेजमधून प्रवाह डेल्टाच्या वेटोळ्यांतून शिरतो आणि तुटलेल्या फेजच्या केबलच्या धारितेतून जमिनीत उतरतो. इंडक्टन्स आणि धारिता अशी एकसरीत बसतात.

यासाठी केबल फार लांब लागत नाही. 100 केव्हीए, 11 केव्ही रोहित्राचा पूर्णभार प्रवाह सुमारे 5.25 अँपिअर. गाभा चुंबकित करायला त्याच्या एक टक्का, म्हणजे 0.05 अँपिअर लागतो असे धरू. किलोमीटरला 0.3 मायक्रोफॅरड धारितेच्या केबलचे 100 मीटर घेतले, तर त्यांचा चार्जिंग प्रवाह 0.06 अँपिअरच्या आसपास येतो. दोन्ही आकडे एकाच पातळीचे आहेत. रोहित्र लहान, दाब जास्त आणि केबल लांब असेल तितका धोका वाढतो. 34.5 केव्हीसारख्या दाबाला तर रोहित्राची स्वतःची अंतर्गत धारिताही पुरू शकते.

साध्या अनुस्पंदनाला ठरावीक वारंवारता लागते. इथे तसे नाही. गाभा संपृक्त झाला, म्हणजे आणखी चुंबकित होईनासा झाला, की त्याचे इंडक्टन्स एकदम कोसळते, त्यामुळे धारितेशी जुळायला त्याला मोठा पल्ला मिळतो. त्याच मंडलाला दोन स्थिर अवस्था असू शकतात, एक शांत आणि एक अतिदाबाची. डीओ कोणत्या क्षणी उघडला यावर ते कुठे जाऊन बसेल हे ठरते. आज काही झाले नाही म्हणून उद्या होणार नाही, असे म्हणता येत नाही. शोध घेणाऱ्याला हीच गोष्ट सर्वांत जास्त छळते.

लक्षणे मात्र लपत नाहीत. नेहमीच्या घुमण्याऐवजी रोहित्र पत्र्याच्या डब्यात नटबोल्ट हलवल्यासारखे खडखडते. गाभ्याबाहेर सांडलेल्या चुंबकीय प्रवाहाने टाकी तापते आणि कधी तिचा रंग करपतो. मेटल ऑक्साइडचे लाइटनिंग अरेस्टर विजेचा क्षणिक आघात झेलण्यासाठी असतात. हा दाब मिनिटेच्या मिनिटे टिकला तर ते तापून निकामी होतात, कधी फुटतात. हलक्या भाराच्या तीनफेज मोटारी उलट्या फिरू शकतात, कारण फेजचा क्रमच बदललेला असतो. डीओ खाली लटकला म्हणजे तो फेज मेला, ही समजूत अशा जागी जिवावर बेतू शकते.

अमेरिकेत 1960 च्या दशकात वसाहतींना भूमिगत वीज देण्याचा वेग वाढला आणि हा प्रश्न ऐरणीवर आला. प्राथमिक, म्हणजे उच्चदाब बाजू डेल्टाऐवजी न्यूट्रल जमिनीला जोडलेल्या स्टारची करणे हा उपाय मानला गेला. पण पाच खांबी (पाच उभ्या दांड्यांच्या) गाभ्यात तिन्ही फेजचे चुंबकीय मार्ग एकमेकांत गुंतलेले असल्याने उघड्या फेजमध्ये दाब उमटतोच, हे 1970 च्या दशकातील अभ्यासांत दिसले. तीन स्वतंत्र गाभे घेतले तर ही गुंतवण राहत नाही.

सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे तिन्ही फेज एकदम उघडणारा स्विच. रिंग मेन युनिटमधील (केबलजाळ्यातील स्विचपेटीतील) फ्यूज-स्विचमध्ये एक फ्यूज उडाला की त्याचा स्ट्रायकर (फ्यूजमधून बाहेर येणारी खिट्टी) तिन्ही फेज तोडतो. मुंबई-पुण्यासारख्या भूमिगत जाळ्यांत ही युनिटे सर्रास असल्याने तिथे हा धोका आपोआप आटोक्यात राहतो. एकेक फेज उघडणे टळत नसेल, तर ते रोहित्राच्या टोकाशी करावे, म्हणजे केबल मंडलाबाहेर राहते. रोहित्रावर क्षमतेच्या काही टक्के जरी रोधक (हीटरसारखा) भार असला, तरी अनुस्पंदन सहसा दबते.

खांबावर डीओ, खाली केबल आणि तिच्या टोकाला ताबा मिळण्याआधीच्या इमारतीचे नवेकोरे रोहित्र, ही मांडणी म्हणूनच त्रासाची. भार शून्य असतो आणि लाइनमन ऑपरेटिंग रॉडने एकामागून एक तीन डीओ बसवत असतो. पहिला बसल्यापासून तिसरा बसेपर्यंतच्या काळात फेज उघडेच असतात.